निधी मंजूर झाला. काम कोण मोजणार?

आपल्या मोहल्ल्यात सरकारी कामाची बातमी दोनदा येते. पहिल्यांदा निधी मंजूर होतो तेव्हा आणि दुसऱ्यांदा भूमिपूजनाचा नारळ फुटतो तेव्हा. चौकात फ्लेक्स लागतो. त्यावर लाखांचा आकडा ठळक असतो आणि खाली आभार मानणाऱ्यांचे वीसेक फोटो. व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘माशाअल्लाह’चा पाऊस पडतो. मग कब्रस्तानाची संरक्षक भिंत उभी राहते. पहिल्या पावसाळ्यात तिचा गिलावा सुटतो, दुसऱ्या पावसाळ्यात कोपऱ्यात भेग पडते. ही तिसरी बातमी कुणीच देत नाही. ‘सरकारी काम असंच असतं’ म्हणत लोक पुढे जातात आणि तीन वर्षांनी त्याच भिंतीच्या दुरुस्तीसाठी पुन्हा निधी मागायला त्याच दारात उभे राहतात.

ठेका कुणाला मिळाला, कुणाचा माणूस होता, किती टक्के वाटले गेले यावर आपण चहाच्या टपरीवर तासभर बोलू शकतो. पण ठेकेदाराने करारात लिहिलेले काम केले का, हे मोजायला जात नाही. निविदेतला घोळ निदान कधीतरी वर्तमानपत्रात येतो. मोजमापातला घोळ पायात आणि डांबराखाली गाडला जातो. आपल्या पिढीने ही दुसरी बाजू शिकून घ्यायला हवी. त्याला फार मोठी विद्वत्ता लागत नाही. कागद वाचण्याची सवय, टेप आणि वेळेवर हजर राहणे, एवढे पुरते.

मोहोळ तालुक्याकडे पाहा. पुणे-सोलापूर महामार्ग इथून जातो. दिवेघाटापासून निघणारा संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग सुमारे २२१ किलोमीटर चालून मोहोळलाच संपतो. त्याच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. उजनीच्या डाव्या कालव्याचे पाणी याच तालुक्याच्या शिवारातून वाहते. जानेवारी २०२३ च्या अखेरीस हा कालवा पाटकुलजवळ फुटला आणि उभ्या पिकांत पाणी शिरले. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला, तेव्हा लांबोटीजवळ महामार्गावरची वाहतूक थांबवावी लागली आणि नदीकाठच्या गावांचे रस्ते, पूल, शाळा पाण्यात गेल्या.

कालवा का फुटला याचे उत्तर तज्ज्ञांनी द्यावे. पूर कुणा ठेकेदाराने आणला नव्हता. पण अशा प्रत्येक घटनेनंतर गावकऱ्याला तीन साधे प्रश्न विचारता आले पाहिजेत. या ठिकाणचे शेवटचे काम कुणी, कधी केले? ते कुणी मोजले आणि तपासले? ठेकेदाराची जबाबदारी अजून शिल्लक आहे की संपली? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे सरकारी फायलीत असतात, किंवा असायला हवीत. पुरानंतरच्या दुरुस्तीची कामे तर घाईने निघतात. घाईच्या कामात मोजमाप सैल होण्याचा धोका सर्वांत जास्त असतो, म्हणून तिथे डोळे जास्त उघडे हवेत.

आता करार म्हणजे काय ते पाहू. आपण भिंतीचेच उदाहरण घेऊ, कारण ते आपल्या जवळचे आहे. राज्यात २००८ मध्ये अल्पसंख्याकांसाठी स्वतंत्र विभाग झाला. अल्पसंख्याकबहुल वस्त्यांमधल्या पायाभूत सुविधांसाठी, कब्रस्तानाच्या भिंतींसाठी त्याच्या योजनांतून निधी येतो. केंद्राचा बहुक्षेत्रीय विकास कार्यक्रमही २००८-०९ पासूनचा. २०१८ मध्ये त्याचे नाव प्रधानमंत्री जन विकास कार्यक्रम झाले. निधी कोणत्याही खिडकीतून आला तरी तो विटा-सिमेंटपर्यंत एकाच वाटेने पोहोचतो: अंदाजपत्रक, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप, देयक.

अंदाजपत्रकात ‘संरक्षक भिंत’ एवढेच लिहिलेले नसते. पायाची खोदाई किती घनमीटर, खालचे काँक्रीट किती, बांधकाम कोणते, गिलावा किती चौरस मीटर, लोखंड किती किलो, अशा बाबी असतात. प्रत्येक बाबीचा दर ठरलेला असतो. काम झाले की शाखा अभियंता जागेवर येऊन माप घेतो आणि मोजमाप पुस्तिकेत लिहितो. तिला सगळे ‘एमबी’ म्हणतात. एमबीत जेवढे लिहिले तेवढ्याचे बिल निघते. म्हणजे सरकारी तिजोरीतून पैसा बाहेर पडण्याचे खरे दार हे जाडजूड पुस्तक आहे. मंत्रालयातली सही त्याच्या फार आधीची.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पायासारखी जी बाब पुढे झाकली जाणार आहे, तिचे माप झाकण्याआधी घ्यावे लागते. पाया चार फूट खोदला की अडीच फूट, हे माती लोटल्यावर वरून सांगता येत नाही. उद्घाटनाच्या दिवशी रंगवलेल्या भिंतीसमोर उभे राहून कितीही बारकाईने पाहिले तरी उपयोग नाही. पाहायचे असेल तर खड्डा उघडा असताना पाहायला हवे. आपले लोक तेव्हा तिथे नसतात आणि फीत कापायला मात्र सगळे असतात.

काँक्रीटची तपासणीही अशीच वेळेशी बांधलेली आहे. ओतताना त्याच मालाचे १५ सेंटीमीटरचे ठोकळे भरतात आणि २८ दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून फोडतात. एम-२० दर्जाच्या काँक्रीटने दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसावा, ही अपेक्षा. ठोकळे त्याच दिवशी भरले नाहीत, तर पुढे आणलेला अहवाल कोणत्या काँक्रीटचा आहे हे कोण सांगणार? पाणी मारण्याचेही तसेच. भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान दहा दिवस ओलावा मिळायला हवा. सोलापूर जिल्ह्यातल्या एप्रिलच्या उन्हात, टँकर महाग असताना, पहिली काटकसर इथेच होते. हे पाहायला इंजिनिअर लागत नाही. रोज सकाळी फज्रनंतर कब्रस्तानावरून जाणारा माणूस भिंत ओली आहे की कोरडी, हे सांगू शकतो.

शेवटचा टप्पा दोष दायित्व कालावधीचा. काम पूर्ण झाल्यावरही करारात लिहिलेल्या मुदतीपर्यंत त्यात दोष निघाला, तर ठेकेदाराने तो स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. त्यासाठी त्याची सुरक्षा ठेव कार्यालयाकडे अडकलेली असते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत रस्ता बांधणाऱ्यानेच पुढची पाच वर्षे देखभाल करायची, हे मूळ करारातच असते. म्हणून भिंतीला भेग पडली तर पहिला प्रश्न नव्या निधीचा नसावा. जुन्या कराराची मुदत संपली का, हा असावा. मुदत असेल तर लेखी तक्रार द्यावी, फोटो आणि तारीख जोडावी, पोच घ्यावी. मुदत संपण्याआधी दिलेला असा एक कागद दहा आमदारांच्या शिफारशींइतका कामाचा आहे. तो दिला नाही तर ठेव परत जाते आणि दुरुस्ती जनतेच्या पैशाने होते.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या धंद्यात ‘कोड लिहून झाला’ म्हणजे काम झाले असे कुणी मानत नाही. काय चालले म्हणजे काम पूर्ण धरायचे, हे सुरुवातीलाच लिहून घेतात. ग्राहक स्वतः चालवून पाहतो, मग सही करतो. पुढे काही महिने बिघाड निघाला तर पैसे न घेता दुरुस्त करावा लागतो. या पद्धतीत प्रामाणिक माणसाचे भले होते, कारण वाद झाला तर दाखवायला कागद असतो. सरकारी करारात हे सगळे टप्पे आधीपासून आहेत. उणीव आहे ती ग्राहकाची. सरकारी कामाचा ग्राहक म्हणजे आपण, आणि आपण तपासणीच्या दिवशी गैरहजर.

मोजायचे काय, हेही ठरवावे लागते. २०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणीतून बाहेर आले की दशकभर हजारो कोटी खर्चूनही राज्यातल्या सिंचित क्षेत्राचे प्रमाण १७.८ वरून १७.९ टक्क्यांवरच पोहोचले आहे. जलसंपदा विभागाचे मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी २०१२ मध्ये पत्रे लिहून कामांच्या दर्जावर आणि वाढत्या खर्चावर बोट ठेवले. सरकारने श्वेतपत्रिका काढली आणि ‘निर्माण झालेली सिंचनक्षमता’ पुढे केली. मग माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. राजकारण बाजूला ठेवून यातला धडा घ्या. क्षमता हा कागदावरचा आकडा आहे आणि पाटात आलेले पाणी ही वस्तुस्थिती आहे. एकाच कामाचे दोन वेगळे आकडे निघत असतील, तर शेतकऱ्याने दुसरा विचारावा.

‘आम्ही त्रयस्थ संस्थेकडून तपासून घेतले आहे’ हे उत्तर आपल्याला नेहमी मिळते. त्यानेही समाधान मानू नये. मुंबई महापालिकेने २०१६ मध्ये ३४ रस्त्यांच्या कामांची चौकशी केली, तेव्हा सहा ठेकेदारांबरोबर तपासणी करणाऱ्या दोन त्रयस्थ संस्थांवरही गुन्हा नोंदवावा लागला. १४ मार्च २०१९ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल कोसळून माणसे मेली. त्या पुलाचे संरचनात्मक परीक्षण आधी झालेले होते आणि त्याला किरकोळ दुरुस्तीच सुचवलेली होती. परीक्षण करणाऱ्याला पुढे अटक झाली. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. नट-बोल्ट गंजत असल्याचे पत्र सार्वजनिक बांधकाम विभागाने नौदलाला काही दिवस आधीच लिहिले होते. म्हणजे कुणीतरी पाहिले होते, लिहिलेही होते. त्या पत्रावर किती दिवसांत कुणी काय करायचे, याची साखळी मात्र तुटलेली होती. दोष टिपण्यापुरती तपासणी झाली तर ती अर्धीच. दोष टिपल्यावर देयक थांबते का, दुरुस्ती होते का, यावर ती पूर्ण ठरते.

ग्रामसडक योजनेत याचे एक चांगले रूप दिसते. ‘ई-मार्ग’ नावाची प्रणाली मध्य प्रदेशात सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. देखभालीच्या काळात अभियंता रस्त्यावर जाऊन मोबाइलवर स्थाननोंदीसह फोटो घेतो, ठरलेल्या निकषांवर रस्त्याला गुण देतो आणि ठेकेदाराचे देयक त्या गुणांशी बांधलेले असते. खड्डे किती बुजवले याची मोजदाद बाजूला पडते आणि रस्ता चालण्याजोगा आहे का, हा प्रश्न पुढे येतो. शिवाय राज्य आणि राष्ट्रीय पातळीवरचे गुणवत्ता निरीक्षक वेगळे येतात. पण माझ्या धंद्यातला माणूस म्हणून हेही सांगतो: अॅपवर फार विसंबू नका. फोटो कुठे काढला हे उपग्रह सांगेल, थर किती जाडीचा आहे हे सांगणार नाही. त्यासाठी रस्त्याचा गाभा कापून पट्टी लावावी लागते. खोटे माप संगणकात भरले तर बाहेर येते ते सुबक छापलेले खोटे माप.

यातला सर्वांत मोठा दोष स्मरणाचा आहे. एका तालुक्यात ज्याचे काम दोन वर्षांत उखडले, तो शेजारच्या तालुक्यात निविदा भरतो आणि सर्वांत कमी दर त्याचा म्हणून काम घेऊन जातो. अंदाजपत्रकापेक्षा फार कमी दर भरला तर जादा सुरक्षा ठेव घेण्याची तरतूद आहे. पण दर कमी का परवडतो, हे मागच्या कामात दिसलेले असते, आणि मागचे काम नव्या निविदेच्या टेबलावर नसते. केंद्राच्या अर्थमंत्रालयाने २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांमध्ये हे अंशतः मान्य केले. ठराविक कामांत दरासोबत गुणवत्तेलाही ३० टक्क्यांपर्यंत वजन देण्याची मुभा दिली. अमेरिकेत संघराज्य सरकारच्या ठरावीक रकमेवरच्या ठेकेदाराला कामानंतर पाच पायऱ्यांवर शेरा मिळतो, उत्कृष्टपासून असमाधानकारकपर्यंत. ठेकेदाराला त्यावर आपले म्हणणे नोंदवता येते आणि पुढचा ठेका देताना तो शेरा पाहिला जातो. तिथेही तो सामान्य लोकांसाठी खुला नाही. आपण एक पाऊल पुढे जाऊ शकतो. प्रत्येक नगरपरिषदेने आणि जिल्हा परिषदेने ठेकेदारनिहाय एक पान लोकांसमोर ठेवावे: काम, ठरलेली मुदत, लागलेली मुदत, तपासणीचा निकाल, दोष दायित्वाच्या काळातल्या तक्रारी आणि त्यांचे काय झाले. यातली प्रत्येक नोंद आज कुठल्या ना कुठल्या फायलीत आहे. त्या एका तक्त्यात आणायच्या आहेत, एवढेच.

असा शेरा देताना न्याय पाळावा लागेल. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये एरुशियन इक्विपमेंट खटल्यात सांगितले की बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय कुणाला काळ्या यादीत टाकता येत नाही. हा निकाल आपल्याला परका वाटू नये. घरावर बुलडोझर आणण्याआधी नोटीस द्या, म्हणणे ऐका, हेच आपण मागत होतो आणि १३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने तेच बजावले. जी रीत आपल्यासाठी मागतो, ती ज्याच्यावर आपला राग आहे त्या ठेकेदारालाही मिळायला हवी. ‘चोर आहे’ अशी पोस्ट टाकणे सोपे असते. ‘अंदाजपत्रकात इतके, जागेवर इतके’ असे दोन आकडे ठेवणे कष्टाचे असते, आणि तेच टिकते.

कराराला दुसरीही बाजू आहे. सरकार वेळेवर पैसे देत नाही. थकीत देयकांसाठी राज्यभरातल्या ठेकेदारांनी २०२५ मध्ये आंदोलने केली. वर्षभर बिल अडकलेला छोटा ठेकेदार व्याजाने पैसे काढतो आणि ते व्याज शेवटी सिमेंटमधून वसूल होते. कामाचा दर्जा मागणाऱ्याने वेळेवर देयकाचीही मागणी केली पाहिजे, कारण दोन्ही एकाच करारात लिहिलेले आहे. आपल्यातले कितीतरी तरुण डिप्लोमा-डिग्री करून याच क्षेत्रात उतरत आहेत. सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि मजूर सहकारी संस्थांसाठी काही कामे राखून ठेवण्याची पद्धत राज्यात आहे. प्रामाणिक तपासणी असेल तर अशा नव्या, नीट काम करणाऱ्या पोराला जागा मिळते. ती नसेल तर जागा फक्त ओळखीवाल्याला मिळते.

आणि मजूर. सेंटरिंगवाला, वेल्डर, गवंडी, फरशीवाला यांत आपल्या मोहल्ल्यातली माणसे किती आहेत, हे कुणाला सांगायला नको. करारपालन म्हणजे सिमेंटइतकीच त्यांची मजुरी, विमा आणि सुरक्षा. बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी १९९६ च्या कायद्याने सुरू झालेला एक टक्का उपकर प्रत्येक सरकारी कामातून कापला जातो. त्या पैशावर हक्क सांगायला मजुराची नोंदणी लागते. ती झालेली नसेल, तर त्याच्या घामाचा तो टक्का त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. कामाची पाहणी करायला जाल तेव्हा भिंतीबरोबर ती बांधणाऱ्याचीही विचारपूस करा. नोंदणी झाली का, हे विचारायला एक मिनिट लागतो.

आता आपल्याबद्दल थोडे कडू. आपल्या वस्तीत सरकारी काम हा उपकार मानला जातो. अमुक साहेबांनी आपल्या कब्रस्तानाला दहा लाख ‘दिले’, असे आपण बोलतो. उपकार मानला की हिशेब विचारणे कृतघ्नपणा वाटू लागते. जमातीतले वडीलधारे समजावतात: बेटा, आधीच मुश्किलीने मिळाले आहे, उगाच नाराज करू नको. त्यांची भीती खोटी नाही. वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिलेल्या वस्तीला पुढचा निधी बंद होण्याची धास्ती असतेच. पण ते पैसे साहेबांच्या खिशातले नाहीत. काडीपेटीपासून मोबाइल रिचार्जपर्यंत कर भरणाऱ्या प्रत्येकाचे ते आहेत. ज्या वस्तीला ठेकेदार गप्प बसणारी म्हणून ओळखतो, तिथेच पाया उथळ खोदला जातो. गप्प राहून मिळालेली भिंत तीन वर्षांत पडणार असेल, तर ते मिळणे कसले?

दुसरी अडचण आणखी नाजूक आहे. ठेकेदार ‘आपला’ असला की तोंडाला कुलूप लागते. त्याने मस्जिदीला पंखे दिलेले असतात, इफ्तारला डेगी पाठवलेल्या असतात. हे दान त्याचे वैयक्तिक पुण्य असेल, पण सार्वजनिक कामातल्या कमी मापाची भरपाई त्यातून होत नाही. अमानत म्हणजे काय, माप नीट देणे म्हणजे काय, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे. जुन्या इस्लामी शहरांत बाजारातली वजनमापे तपासायला मुहतसिब नेमलेला असे, आणि तो दुकानदाराचा मजहब पाहून तराजू तपासत नसे. आपण निवडून प्रश्न विचारू लागलो, तर उद्या आपल्या खऱ्या तक्रारीलाही ‘जातीय’ म्हणून बाजूला सारणे सोपे जाईल.

मग करायचे काय? आधी काम कोणाचे ते शोधा. एकाच तालुक्यात नगरपरिषद, जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा आणि महामार्ग प्राधिकरण अशा वेगवेगळ्या यंत्रणा काम करतात. चुकीच्या दारावर थाप मारण्यात महिने जातात. कामाच्या जागी फलक असतो, तो वाचा आणि फोटो काढून ठेवा. फलक नसेल तर हीच पहिली लेखी तक्रार.

मग अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पाने आणि चाचणी अहवाल मागा. २००५ चा माहिती अधिकार कायदा फक्त कागदाच्या प्रती देत नाही. त्याच्या कलम २ मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क लिहिलेला आहे. फार थोडे लोक तो वापरतात. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपये लागतात, अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. नाही मिळाले तर अपील करा. नोव्हेंबर २०१८ च्या शासन आदेशाने जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत अर्जाशिवायही अभिलेख पाहू देण्याची सोय केली आहे. एका सोमवारी जाऊन एमबी उघडून तर पाहा.

एकट्याने जाऊ नका. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी खून झाला. माहिती मागणारा एकटा असला की त्याला गाठणे सोपे जाते. पाच-सात जणांनी मिळून जा. त्यात शेजारच्या आळीतला मराठा, दलित, लिंगायत, धनगर मित्रही असू द्या, कारण खराब रस्त्यावर सगळ्यांचीच गाडी घसरते. बहिणींनाही बरोबर घ्या. पाणी किती दिवस मारले, नळाला पाणी किती वाजता आले, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते. जे आकडे निघतील ते ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत मोठ्याने वाचा. राजस्थानातल्या कोट किराना गावी २ डिसेंबर १९९४ रोजी मजदूर किसान शक्ती संघटनेने सरकारी कामांची बिले आणि हजेरीपटच लोकांसमोर वाचून दाखवले होते. ज्या कामगारांची नावे पटावर होती ती माणसे समोर बसलेली होती. माहिती अधिकाराच्या देशव्यापी चळवळीला बळ मिळाले ते अशा जनसुनावण्यांतून.

या वर्षी प्रत्येक गावातल्या आपल्या मंडळींनी एकच काम निवडावे. मोठा महामार्ग नको. कब्रस्तानाची भिंत, उर्दू शाळेची वर्गखोली, गल्लीतली गटार, पुरानंतर दुरुस्त होणारी मोरी, यांतले एक. त्याचे कागद काढा, पाया उघडा असताना जा, ठोकळे भरताना उभे राहा, दोष दायित्वाची शेवटची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि त्याच्या महिनाभर आधी पुन्हा एकदा पाहून या. काम चांगले झाले असेल तर तसेही लेखी कळवा. ठेकेदाराला आणि शाखा अभियंत्याला दोन चांगले शब्द सहसा कुणी लिहीत नाही. त्या तक्त्यातले पहिले पान असे आपणच भरू शकतो, आणि तसे पान जिथे तयार होईल त्या गावाने ते या मासिकाकडे पाठवावे. आम्ही ते छापू, कौतुकाचे असो वा तक्रारीचे.